खुंटीची पकड सुटली की…

मुलांनो, तंबोरा जुळवताना पाहिलंय कधी? खुंटी पिळली, सूर लागला, आणि पाचच मिनिटांत ती आपली उलटी फिरली! मग तिला थोडा खडू फासतात. (फळ्याशिवायही खडूला कामं असतात बरं का!) जुन्या पियानोचं दुखणंही असंच. फक्त तिथे खडू पुरत नाही.

पियानोच्या पट्ट्या ८८, पण तारा सुमारे २३०, कारण बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. प्रत्येक तारेला एक पोलादी खुंटी. एकेका तारेवर साधारण ७० किलोंचा ताण. करा बघू गुणाकार! १६ टनांच्या वर गेला ना? हा ताण पेलायला आत ओतीव लोखंडाची चौकट असते. पण गंमत म्हणजे खुंट्यांना धरून ठेवते ती चौकटीमागची लाकडी फळी, मेपल किंवा बीचसारख्या कठीण लाकडाची. तिच्यात खुंटीहून किंचित बारीक भोक पाडून खुंटी ठोकून बसवतात. ना नट, ना बोल्ट. सगळा भार घर्षणावर!

आता लाकूड म्हणजे हवेप्रमाणे फुगणार नि आकसणार. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात घरं तापवतात, तेव्हा हवा अगदी कोरडी होते. अशी वर्षानुवर्षं गेली की भोकं सैलावतात, कधी फळीला चिरा जातात. मग कारागीर किल्लीने सूर लावून जातो न जातो, तोच तार उतरते.

बिजागरीचा स्क्रू सैल झाला की सुतारकाका भोकात आगकाडी खुपसतात, आठवतं? पियानोतही खुंटीभोवती पुठ्ठ्याची पातळ नळी घालण्याची जुनी रीत आहे. नाहीतर खुंटी थोडी आत ठोकायची, किंवा एक नंबर जाड बसवायची. जाडीतला फरक किती? जेमतेम एक दशांश मिलिमीटर!

अलीकडची युक्ती मला जास्त आवडते. फेविक्विकच्या जातीचा, पण पाण्यासारखा पातळ द्रव खुंटीच्या बुडाशी थेंब थेंब सोडतात. उभा पियानो असेल तर त्याला आधी पाठीवर निजवतात. वातीने तेल ओढावं, तसा लाकूड तो द्रव ओढून घेतं. खुंटी मात्र कायमची चिकटत नाही, किल्लीने फिरतेच. (घरी करून बघू नका हं! बोटं चिकटतात, वाफेने डोळे चुरचुरतात.)

खुंटी करकरते म्हणून कुणी तेल सोडलं, तर मात्र खेळ खलास. लाकडात मुरलेलं तेल निघत नाही, आणि तेलकट भोकात पकड कुठली यायला!

फळीच पार चिरली असेल तर ती बदलावी लागते. त्यासाठी सगळ्या तारा काढायच्या, लोखंडी चौकट उचलायची. साध्या जुन्या पियानोला हा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. मग आतली बाकी वाद्यसामग्री धडधाकट असली, तरी बिचारा भंगारात निघतो.