तीन वेळा, एकच वाट

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, पाइन ग्रोव्ह फर्नेस इथं अपालेशियन ट्रेल या लांबलचक पायवाटेचं एक लहानसं संग्रहालय आहे. या संग्रहालयानं 2011 मध्ये वाटेच्या मानकऱ्यांची पहिली यादी काढली. नावं सहाच. बेंटन मॅकाय यांनी 1921 मध्ये ही वाट कागदावर मांडली, आर्थर पर्किन्स यांनी रेंगाळलेलं काम पुन्हा हलवलं, मायरन एव्हरी यांनी मोजणीचं चाक ढकलत ढकलत ती जमिनीवर आणली. त्यांच्यासोबत एड गार्वी, जीन एस्पी आणि अर्ल शेफर. एव्हरी आणि शेफर एकाच यादीत आहेत, यात गंमत आहे. शेफर यांनी ही वाट एका हंगामात सलग चालून दाखवली, तेव्हा वाटेची देखरेख करणाऱ्या ज्या संस्थेचे एव्हरी अध्यक्ष होते तिनंच त्यांची उलटतपासणी घेतली होती.

जॉर्जियापासून मेनपर्यंत 14 राज्यांतून जाणारी ही वाट 1937 मध्ये पुरी झाली खरी, पण लगेच तुटायलाही लागली. 1938 च्या चक्रीवादळानं न्यू इंग्लंडमधली झाडं आडवी केली, दक्षिणेत डोंगरमाथ्यावरून मोटाररस्ता निघाला, मग महायुद्ध आलं आणि डागडुजी करणारे हातच उरले नाहीत. आपल्याकडे सह्याद्रीतल्या वाटा गुराख्यांनी आणि बाजाराला जाणाऱ्यांनी पाडल्या. चुकलो तर वाडीवर विचारता येतं. ही वाट आधी नकाशावर जन्मली. तिच्या कडेला राहणाऱ्या माणसांनाही ती नेमकी कुठून जाते, हे ठाऊक असेलच असं नव्हतं.

अशा वाटेवर 4 एप्रिल 1948 ला, जॉर्जियातल्या माउंट ओगलथॉर्पवरून, यॉर्क गावचा 29 वर्षांचा अर्ल शेफर निघाला. नुकताच पॅसिफिकच्या युद्धातून परतलेला. वॉल्टर वाइनमिलर हा बालमित्र आणि तो, दोघांनी मिळून ही वाट चालायचं ठरवलं होतं. वाइनमिलर इवो जिमाच्या लढाईत मारला गेला. सैन्य अंगातून चालून चालून काढून टाकायचं आहे, असं शेफर सांगत. पाठीवर लष्करी रकसॅक, सोबत रस्त्यांचे साधे नकाशे आणि होकायंत्र. तंबू जड होतो म्हणून तो लवकरच सोडून दिला. बुटांत बहुतेक काळ मोजेही नव्हते. मक्याचं पीठ भिजवायचं आणि चुलाण्यावर तव्यात जाड भाकरीसारखं थापून खायचं, हे रोजचं जेवण. वाट दाखवणारा झाडावरचा पांढरा पट्टा (रुंदी दोन इंच, उंची सहा) कधी मैलोन्‌मैल दिसायचा नाही. मग झाडोऱ्यातून अंदाजानं पुढं, किंवा सरळ मोटाररस्त्यानं.

पाच ऑगस्टला ते मेनमधल्या कटाडिनच्या माथ्यावर पोचले. 124 दिवस, सुमारे 2,050 मैल. म्हणजे रोज सरासरी साडेसव्वीस किलोमीटर, आणि तेही डोंगरातले.

वाटेत असतानाच त्यांनी संस्थेला एक पोस्टकार्ड धाडलं होतं, त्यावर स्वतः रचलेल्या चार ओळी. पण सबंध वाट एका दमात चालणं जवळपास अशक्य, अशी जाणत्यांची समजूत असताना कार्डावर विश्वास कोण ठेवणार? संस्थेच्या पत्रिकेच्या संपादक जीन स्टीफन्सन यांनी शेफर यांना खोदून खोदून प्रश्न विचारले. शेफर यांनी रोजनिशी पुढं केली, रंगीत स्लाइड्स दाखवल्या, कुठं काय दिसलं ते सांगितलं. तेव्हा कुठं मान्यता मिळाली. आज हीच संस्था वाट पुरी केल्याचं प्रमाणपत्र चालणाऱ्याच्या शब्दावर देते, तपासणी करत नाही. अशा नोंदी आता 20 हजारांवर गेल्या आहेत.

शेफर नंतर या वाटेच्या देखभालीत रमले. संस्थेचं चिटणीसपद सांभाळलं, पेनसिल्व्हेनियातल्या पीटर्स माउंटनवर मुक्कामाचा निवारा बांधला. 1965 मध्ये ते उलट्या बाजूनं, उत्तरेकडून दक्षिणेकडे, 99 दिवसांत उतरले. दोन्ही दिशांनी सबंध वाट चालणारे तेच पहिले.

मला मात्र सगळ्यांत रस आहे तो 1998 च्या चालीत. पहिल्या चालीला पन्नास वर्षं झाली म्हणून हे गृहस्थ 79 व्या वर्षी पुन्हा निघाले. डोक्यावर पिथ हेल्मेट, पाठीवर तसलीच जुनी रकसॅक. आजूबाजूला हलक्या तंबूंची आणि झटपट पेटणाऱ्या स्टोव्हची पिढी. या पिढीनं त्यांना ओळखलं, गराडा घातला, फोटो काढले. आणि म्हातारबुवा कुरकुरत होते! वाट फार अवघड करून ठेवली आहे, ही त्यांची तक्रार होती. उगाच दगडांवरून नेता, उगाच माथ्यावर चढवता.

ही निव्वळ वयाची कुरकुर म्हणून सोडून देता येत नाही. 1948 मध्ये वाटेचा बराच भाग रस्त्यांवरून आणि खासगी जमिनींतून जायचा. 1968 चा राष्ट्रीय वाटांचा कायदा आला, 1978 मध्ये जमीनखरेदीला जोर आला आणि तुकड्या-तुकड्यानं वाट रस्त्यावरून उचलून डोंगरात हलवली गेली. जंगल राखण्याच्या दृष्टीनं ते योग्यच झालं. पण ज्या वाटेवर शेफर यांनी नाव कमावलं, ती बऱ्याच ठिकाणी उरलीच नव्हती. 21 ऑक्टोबरला ते कटाडिनवर पोचले तेव्हा 173 दिवस झाले होते आणि ऐंशीवा वाढदिवस अडीच आठवड्यांवर होता. 2002 च्या मे महिन्यात ते गेले.

आता पुन्हा 2011. मानकऱ्यांच्या यादीत नाव लागलं त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियातल्या एका वकिलांनी शेफर यांची रोजनिशी आणि स्लाइड्स ताडून पाहिल्या, आणि 1948 मध्ये त्यांनी सुमारे 170 मैल गाळले, असा दावा केला. साठ वर्षांनी पुन्हा तीच उलटतपासणी. वाट तुटलेली असताना वळसा कुठला आणि लबाडी कुठली, हे ठरवायचं कसं, यावर बरीच हमरीतुमरी झाली. शेफर यांचं नाव यादीतून निघालं नाही.

वकिलांचं काम मला कमी लेखायचं नाही; कागद तपासलेच पाहिजेत. पण समजा, ते 170 मैल वजा केले, तरी 1965 उरतं, पीटर्स माउंटनवरचा निवारा उरतो. तो निवारा सुटा करून संग्रहालयात पुन्हा उभा केला आहे. आणि 1998 बद्दल तर वाद घालायलाही कुणाला जागा नाही. त्या वर्षी त्यांना चालताना पाहणारे, त्यांची बोलणी खाणारे लोक जॉर्जियापासून मेनपर्यंत पसरले होते.