निरोप कोणाच्या हाती?



विज्ञानकथेवर बोलायला कामगार संघटनेतला माणूस कशाला, हा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतो आहे. माझे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे वाचन झाले ते पाळी संपल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तिथे या कथांची गोडी लागली ती यंत्रांपायी नव्हे, तर निरोपांपायी. आमचे निम्मे काम निरोपांचेच असते.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्याचे दोन विभाग होते, वीस किलोमीटरच्या अंतरावर. संप रात्री मिटला. पलीकडच्या विभागातला एकुलता एक टेलिफोन साहेबांच्या खोलीत, आणि तो आमच्यासाठी कोणी उचलीना. निरोप घेऊन आमचा माणूस पहाटेच्या एस.टी.ने गेला. तो पोचेपर्यंत फाटकावर बाचाबाची होऊन दोघांच्या हाती निलंबनाची पत्रे पडली होती. जो संप आठ तासांपूर्वीच मिटला होता, त्याच्यासाठी ती दोन माणसे दीड वर्ष घरी बसली.

निरोपाला लागणारा वेळ आणि निरोपाचे साधन ज्याच्या हाती आहे तो माणूस, या दोन गोष्टींतून कथानक जन्माला येते, हे मला त्या दिवशी कळले. कालिदासाच्या यक्षाला पत्नीशी बोलण्याचे साधन असते, तर 'मेघदूत' झालेच नसते. इतर लेखक आपल्या काळात जे साधन असेल ते मुकाट्याने घेतात. विज्ञानकथेच्या लेखकाला मात्र ते स्वतः ठरवावे लागते, आणि एकदा ठरवले की त्याची पात्रे त्याला बांधली जातात.

एच. जी. वेल्सची चंद्रावरच्या पहिल्या माणसांची कादंबरी घ्या. ती १९०१ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेला बिनतारी संकेत ऐकला. कादंबरीत दोघे चंद्रावर जातात. बेडफर्ड हा दिवाळे निघालेला, पैशावर डोळा ठेवणारा गृहस्थ. केव्हर हा भोळा शास्त्रज्ञ. बेडफर्ड एकटाच परत येतो आणि सारी हकीकत आपल्या तोंडाने, आपल्या सोयीने सांगतो. गोष्ट संपली असे वाटते, तोच एका डच विद्युत्‌तज्ज्ञाच्या यंत्रावर चंद्रावरून केव्हरचे संदेश येऊ लागतात. त्यांत केव्हरने आपल्या सोबत्याच्या उतावळेपणाचे आणि भांडखोरपणाचे वर्णन केलेले असते! बेडफर्डला ते छापावे तर लागते, पण केव्हरने आपल्यावर अन्याय केला अशी कुरकुरही तो करतो. एका यंत्राने दुसरा साक्षीदार उभा केला आणि पहिल्याची साक्ष डळमळली. पात्र उघडे पाडण्याची याहून साधी युक्ती मला ठाऊक नाही.

त्यातली दुसरी मेख अशी, की हे संदेश एकाच दिशेने येतात. पृथ्वीवरून उत्तर काही पोचत नाही. आपले कोणी ऐकते आहे की नाही हे केव्हरला कळतच नाही, तरी तो सांगत राहतो. माणसे एकमेकांशी युद्धे करतात, हेही तो चंद्राच्या अधिपतीला बिनदिक्कत सांगून बसतो. शेवटच्या संदेशात गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या आपल्या पदार्थाची कृती सांगायला तो आरंभ करतो, आणि संदेश तुटतो. त्याचे काय झाले ते वेल्स दाखवत नाही. दाखवायचे नसते म्हणूनच त्याने असे साधन निवडले असावे, असे मला वाटते.

हा झाला विलंबाचा आणि तुटलेल्या तारेचा प्रकार. पण निरोप तात्काळ पोचतो असे मानले तर? मग कथा कशावर चालायची?

ई. एम. फॉर्स्टरने १९०९ साली हेच करून पाहिले. 'यंत्र थांबते' अशा अर्थाच्या नावाच्या त्याच्या दीर्घकथेत माणसे जमिनीखाली, मधाच्या पोळ्यातल्यासारख्या खोल्यांत एकेकटी राहतात. बटन दाबले की अन्न, संगीत, औषध येते. तबकडीवर दूरच्या माणसाचा चेहरा उमटतो. वश्ती नावाची बाई हजारो माणसांना ओळखते आणि खोली न सोडता ऑस्ट्रेलियन संगीतावर व्याख्यान देते. (आपली व्याख्यानमाला अजून मैदानात भरते, हे आपले भाग्य!) पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहणारा तिचा मुलगा कूनो म्हणतो, मला तुला प्रत्यक्ष भेटायचे आहे. तबकडीवर चेहरा दिसतो, पण चेहऱ्यावरच्या बारीक छटा दिसत नाहीत. एवढ्याशा मागणीने आई अस्वस्थ होते.

ही कथा मी प्रथम वाचली तेव्हा मला ती अतिशयोक्त वाटली होती. पुढे आमच्या संघटनेचा व्हॉट्‌सअॅप गट झाला. द्वारसभेच्या निरोपाला दोनशे अंगठे आले. सभेला एकोणीस माणसे आली. घरी येऊन मी ती कथा पुन्हा काढून वाचली.

फॉर्स्टरने पाहिले ते असे, की निरोपाचा अडथळा नाहीसा झाला तरी नाट्य नाहीसे होत नाही. ते माणसाच्या स्वभावात शिरते. वश्ती दुष्ट नाही. तिला भेटीची सवय उरलेली नाही, इतकेच. यंत्र बिघडू लागते, संगीतात घरघर येते, तेव्हा माणसे समितीकडे तक्रार नोंदवतात आणि थोड्या दिवसांनी त्या घरघरीला सरावतात. शेवटी दळणवळण एकाएकी बंद पडते, आणि ज्यांनी शांतता कधी ऐकलीच नव्हती अशी हजारो माणसे त्या शांततेनेच मरतात. मायलेकांची खरी भेट होते ती त्या मरणाच्या घटकेला.

राहिला प्रश्न मालकीचा, आणि तो मला अधिक जवळचा. प्रकाशाच्या वेगाने निघालेला रेडिओचा संकेत चंद्रावर सव्वा सेकंदात पोचतो; मंगळावर जायला त्याला ग्रहांच्या स्थितीप्रमाणे तीन ते बावीस मिनिटे लागतात; सूर्याला सोडून सर्वांत जवळचा तारा घेतला तर चार वर्षांहून अधिक. दूरच्या ताऱ्यांवरच्या लोकांची एकच कथा लिहायची तर लेखकाची इथे मोठी अडचण होते. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने त्यासाठी 'अॅन्सिबल' नावाचे यंत्र कल्पिले. त्याने संदेश तत्क्षणी पोचतो. माणसाला मात्र पूर्वीसारखीच वर्षे लागतात.

१९७४ च्या 'द डिस्पझेस्ड' या कादंबरीत तिने या यंत्रामागचा सिद्धांत शोधणारा शेवेक उभा केला. तो अशा वसाहतीतला, जिथे खाजगी मालमत्ताच नाही. तरीही तिथे साबूल नावाचा ज्येष्ठ पदार्थवैज्ञानिक दुसऱ्या ग्रहाशी होणारा पत्रव्यवहार आणि तिकडून येणारी पुस्तके आपल्या मुठीत ठेवतो, आणि त्या जोरावर शेवेकच्या ग्रंथावर आपलेही नाव घालून घेतो. मालमत्ता गेली, टपालाची किल्ली राहिली! अशी माणसे कामगार संघटनांतही असतात. मी स्वतः काही वर्षे तशी किल्ली कमरेला लावून हिंडलो आहे.

शेवेक त्या दुसऱ्या ग्रहावर जातो. तिथल्या सरकारला हा सिद्धांत एकट्याच्या मालकीचा हवा असतो. ते ध्यानात येताच तो पळ काढून संपकऱ्यांना जाऊन मिळतो, त्यांच्या सभेत बोलतो. सभेवर हेलिकॉप्टरांतून गोळीबार होतो. अखेर पृथ्वीच्या वकिलातीत आश्रय घेऊन तो एकच गोष्ट मागतो : माझी समीकरणे सर्व जगांना एकाच वेळी प्रक्षेपित करा, म्हणजे ती कोणा एकाची राहणार नाहीत. इथे यंत्र नुसते कथेला पुढे ढकलत नाही. त्याचे काय करायचे या निर्णयातच शेवेक कोण आहे ते आपल्याला कळते.

मग तो घरी निघतो. बंदरावर लोक जमत आहेत, आणि सगळेच काही स्वागताला आलेले नाहीत, असे त्याचे मित्र त्याला रेडिओवरून कळवतात. यान उतरण्यापूर्वीच कादंबरी संपते.