घरापर्यंत पोहोचणारे वैद्यकीय साहाय्य

डॉक्टरांना प्रत्येक घरी जाणे शक्य नसते. तेथे प्रशिक्षित साहाय्यकांची सेवा मोलाची ठरते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांतील आरोग्यदूत महिलांना नवजात बालकांची तपासणी व जंतुसंसर्गावरील उपचार शिकविले. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांचा विचार करता, तेथील नवजात-मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेला आढळला. याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत गृहभेटी देतात.

माधवनगर परिसरातील मातांनी या भेटींचा अवश्य लाभ घ्यावा. बाळ दूध पिईनासे झाल्यास, त्याचे अंग गार पडल्यास अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्यास तत्काळ रुग्णालयात आणावे, ही नम्र विनंती.