बालकाच्या मूत्रपिंडातील गाठ : अचूक निदानाचे मोल

तान्ह्या मुलाला कर्करोग होऊ शकतो, हे आपल्याकडे सहसा कोणाच्या मनात येत नाही. बाळाचे पोट मोठे दिसू लागले की जंत झाले असतील, पानथरी वाढली असेल, नाही तर बाळाने चांगले बाळसे धरले असेल, असाच समज करून घेतला जातो. बहुतेक वेळा या समजामुळे नुकसान होत नाही. मात्र पोटातील वाढीचे मूळ मूत्रपिंडातील गाठीत असेल, तर या समजापायी गेलेले दिवस फार महाग पडतात. शिवाय गाठ सापडली म्हणजे निदान झाले, असेही नाही. मूत्रपिंडातील सर्व गाठी एका रोगाच्या नसतात. त्यांच्यातील एक, 'ऱ्हॅब्डॉइड' नावाची गाठ, अत्यंत वेगाने वाढणारी असून तिची ओळख वेळीच पटणे अगत्याचे असते.

एका नावाखाली अनेक रोग

बालकांच्या मूत्रपिंडातील दर दहा कर्करोगांपैकी सुमारे नऊ 'विल्म्सचे अर्बुद' या प्रकारचे असतात. मॅक्स विल्म्स या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९९ मध्ये या गाठीचे सविस्तर विवेचन केले, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. ती प्रामुख्याने तीन-चार वर्षांच्या मुलांत आढळते. उपचारांच्या उत्तम सोयी असलेल्या देशांत आज अशी सुमारे ९० टक्के मुले बरी होतात.

तथापि काही मुले तेच उपचार घेऊनही दगावत होती. अमेरिकेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विल्म्स अर्बुद अभ्यासातील गाठींचे नमुने ब्रूस बेकविथ व पामर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासले. काही गाठींतील पेशी वेगळ्याच धाटणीच्या असल्याचे त्यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. या पेशी रेखांकित स्नायूंपासून उद्भवणाऱ्या कर्करोगाच्या पेशींसारख्या दिसत. स्नायूंशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध मात्र नव्हता. 'ऱ्हॅब्डॉइड', म्हणजे त्या पेशींसारखे दिसणारे, हे नाव यावरूनच पडले. बालकांच्या मूत्रपिंडातील गाठींत यांचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आहे. बहुतेक रुग्ण दोन वर्षांच्या आतील असून कित्येकांनी तर पहिला वाढदिवसही पाहिलेला नसतो.

रोगाचे मूळ

पॅरिसच्या क्यूरी संस्थेतील संशोधकांनी १९९८ मध्ये या रोगाचे मूळ शोधून काढले. मानवी पेशीतील २२ व्या गुणसूत्रावर 'स्मार्क-बी-१' नावाचे जनुक असते. पेशीतील आनुवंशिक द्रव्य दोऱ्याप्रमाणे गुंडाळलेले असते. त्याचा कोणता भाग केव्हा उलगडायचा व केव्हा मिटवायचा, हे ठरविणाऱ्या यंत्रणेचा एक घटक या जनुकापासून तयार होतो. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात. दोन्ही निकामी झाल्या की यंत्रणा बिघडते आणि पेशींच्या वाढीवरील लगाम सुटतो.

या शोधाचा रोगनिदानाला थेट उपयोग झाला. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीकेंद्रात आहे की नाही, हे गाठीच्या पातळ कापावर विशिष्ट रंगप्रक्रिया करून पाहता येते. त्याच कापातील रक्तवाहिन्यांच्या निरोगी पेशींची केंद्रे रंगतात आणि गाठीच्या पेशींची केंद्रे कोरी राहतात. निरोगी पेशी रंगल्या असल्यामुळे प्रक्रिया नीट झाली, याची खात्रीही त्याच काचपट्टीवर मिळते. पेशींचे रूप आणि ही चाचणी यांचा मेळ बसला म्हणजे निदान पक्के होते.

लक्षणे व तपासण्या

पोटाच्या एका बाजूस लागणारी गाठ हे मुख्य लक्षण. बाळाला तेल लावताना किंवा न्हाऊ घालताना ती बहुधा आईच्या अथवा आजीच्याच हाताला प्रथम लागते. लघवीतून रक्त जाणे, कारण न सापडणारा ताप, सततची किरकिर व रक्तदाब वाढणे ही अन्य लक्षणे होत. काही बाळांच्या रक्तातील कॅल्शियम वाढते. मग उलट्या, बद्धकोष्ठ व मरगळ दिसते. यांपैकी एकही लक्षण केवळ याच रोगाचे नाही. म्हणून तपासणीला पर्याय नाही.

पहिली तपासणी सोनोग्राफीची. ती वेदनारहित असून गाठ मूत्रपिंडाची आहे की अन्य अवयवाची, हे तीवरून बहुधा समजते. त्यानंतर पोटाचे व छातीचे सीटी स्कॅन केले जाते, कारण हा रोग फुप्फुसांत लवकर पसरतो. ऱ्हॅब्डॉइड गाठ मेंदूतही आढळू शकते. त्यामुळे मेंदूचे एमआरआय चित्रण आवश्यक ठरते. परंतु चित्रांवरून केवळ संशय घेता येतो, अंतिम निर्णय विकृतिशास्त्रज्ञच देतो. यासाठी शस्त्रक्रियेत काढलेली गाठ किंवा तिचा तुकडा योग्य रीतीने जतन होऊन अनुभवी प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे.

नाव कळल्याने काय साधते

प्राथमिक अवस्थेतील विल्म्सच्या अर्बुदात शस्त्रक्रियेच्या जोडीला अनेकदा दोनच औषधे पुरतात. ऱ्हॅब्डॉइड गाठीवर ती पुरत नाहीत. शस्त्रक्रियेबरोबर अधिक तीव्र औषधे आणि बाळाचे वय पाहून किरणोपचार योजावे लागतात. निदान चुकले तर एका बाळाला अपुरे उपचार मिळतील, तर दुसऱ्याच्या कोवळ्या शरीरावर अकारण कठोर औषधांचा मारा होईल.

वस्तुस्थिती लपविण्यात अर्थ नाही. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी अभ्यासातील १४२ ऱ्हॅब्डॉइड रुग्णांचा आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. चार वर्षांनंतर त्यांपैकी सुमारे २३ टक्केच हयात असल्याचे त्यात दिसून आले. सहा महिन्यांच्या आतील बाळांत हे प्रमाण सुमारे ९ टक्के, तर दोन वर्षांवरील मुलांत ४१ टक्के होते. रोग पसरण्यापूर्वी सापडलेल्या बाळांना तुलनेने अधिक आशा असते.

या निदानाचा संबंध कुटुंबाशीही येतो. अशा बालकांपैकी सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात जनुकाचा दोष जन्मतःच शरीरातील सर्व पेशींत असतो. बहुधा तो त्या बाळातच नव्याने उद्भवलेला असतो; क्वचित तो आईवडिलांकडून येतो. रक्ताच्या जनुकीय चाचणीने याचा उलगडा झाल्यास भावंडांविषयी व पुढील अपत्याविषयी योग्य सल्ला देता येतो. आईच्या खाण्यापिण्याचा अथवा कोणाच्या हयगयीचा हा परिणाम नव्हे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

पालकांनी काय करावे

बाळाच्या पोटात गाठ लागल्यास ती पुनःपुन्हा दाबून पाहू नये, कारण दाबाने ती फुटण्याची भीती असते. पोट चोळून घेणे, डाग देणे असले उपाय कटाक्षाने टाळावेत. लघवी लाल दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दीड, अडीच व साडेतीन महिने, नऊ महिने आणि दीड वर्ष या सुमारास बाळाला लसीकरणासाठी न्यावेच लागते; त्या वेळी आपल्याला आलेली शंका परिचारिकेला अवश्य सांगावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्याखाली अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी होते, तिचाही लाभ घ्यावा. वजन वाढते आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. गाठीलाही वजन असते.

गाठ दिसल्यावर घाईने कोठेही शस्त्रक्रिया करून न घेता, बालकर्करोगाचे तज्ज्ञ, शल्यचिकित्सक व विकृतिशास्त्रज्ञ एकत्र काम करतात अशा रुग्णालयात बाळाला विनाविलंब न्यावे. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बालकर्करोगाचा स्वतंत्र विभाग आहे. तपासणीचे अहवाल, चित्रे आणि गाठीच्या नमुन्याच्या काचपट्ट्या व ठोकळे जपून सोबत ठेवावेत. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे झाल्यास तेच उपयोगी पडतात आणि बाळाला पुन्हा त्याच चाचण्यांतून जावे लागत नाही.