दोन रात्री तंबूत

थंडी पडू लागली की आमच्या दवाखान्यात निराळ्याच प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. त्यांना काहीही झालेले नसते. महाविद्यालयातील गिरिभ्रमण मंडळाचे जुने सभासद पन्नास वर्षांनी पुन्हा एकत्र जमणार असतात, शुक्रवारी निघून रविवारी परतायचे ठरलेले असते, मुक्काम तंबूत असतो आणि प्रकृती ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला संयोजकांनी मागितलेला असतो. दाखला मागणाऱ्याचे वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे असते. मागे खुर्चीवर मुलगी किंवा सून बसलेली असते आणि ती डोळ्यांनी मला खुणावत असते : डॉक्टर, तुम्हीच नाही म्हणा.

गेल्या महिन्यात आलेले काका एकाहत्तर वर्षांचे. हृदयात दोन स्टेंट, बारा वर्षांचा मधुमेह, रात्री इन्सुलिन. मंडळी भंडारदऱ्याला जाणार होती. प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाकाठी आता राहुट्यांच्या रांगाच उभ्या राहतात. काकांच्या आठवणीतले भंडारदरा १९७४ सालचे होते : कॅन्व्हासचा भिजून जड झालेला तंबू, कंदील, हॅवरसॅकमध्ये तांदूळ आणि बटाटे, आणि पहाटे बारी गावातून कळसूबाईच्या वाटेला लागणे. मुलीच्या डोळ्यांसमोर मात्र एकच चित्र होते. मध्यरात्र, मोबाइलला रेंज नाही आणि वडिलांच्या छातीत दुखते आहे.

वाचकहो, या दोघांपैकी चूक कोणीच नव्हते, आणि म्हणूनच हा प्रश्न ‘जा’ किंवा ‘नका जाऊ’ अशा एका शब्दात सुटत नाही. नकार देणे डॉक्टरला फार सोपे असते. त्यात त्याची जबाबदारी संपते. परंतु ज्यांच्यासमवेत आपण विशीत अंधारात वाट चुकलो, अशी माणसे आता दरवर्षी एक-एक करून कमी होत असतात, हेही या वयाचे वास्तव आहे. हा मेळावा पुढच्या वर्षी तसाच होईल याची हमी नाही. तेव्हा जाता येईल का, आणि गेल्यास कसे, हे नीट पाहिले पाहिजे.

प्रथम ज्यांनी जाऊच नये त्यांच्याविषयी. गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल. चालताना छातीत नव्यानेच दडपण जाणवू लागले असेल. आडवे पडल्यावर दम लागत असेल. रक्तदाब गोळ्या घेऊनही ताब्यात नसेल किंवा अलीकडे दोन-तीनदा तोल जाऊन पडणे झाले असेल, तर यंदाचा बेत सोडून द्यावा. स्टेंट बसवून काही वर्षे झाली आहेत, रोजचे फिरणे विनासायास होते आणि हृदयरोगतज्ज्ञांची हरकत नाही, त्यांना घरी बसवण्याचे कारण मला दिसत नाही.

दाखल्यावर सही करण्यापूर्वी मी काकांना दोन गोष्टी करून पाहायला सांगितल्या. पहिली, दोन जिने न थांबता, पण बोलत-बोलत चढणे. वाक्य मध्येच तुटू लागले तर आपली चाल आपल्या हृदयाला झेपत नाही असे समजावे. डोंगरवाटेवरही हेच परिमाण पुरते. दुसरी गोष्ट अधिक मोलाची : घरीच एक रात्र जमिनीवर, सतरंजीवर झोपायचे आणि रात्री कोणाचाही हात न धरता उठायचे. खाट आणि कमोड यांच्या सवयीने आपण जमिनीवरून उठणे विसरत चाललो आहोत. ब्राझीलमधील डॉ. क्लॉडिओ गिल आरौजो यांनी तर जमिनीवर बसून उठण्याच्या क्षमतेचीच चाचणी बनवली, आणि ज्यांना त्यासाठी हाता-गुडघ्यांचा फार आधार लागतो त्यांच्यात पुढील वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे २०१२ साली दाखवून दिले. तंबूचे दार गुडघ्याएवढ्या उंचीचे असते. ज्यांना उठता येत नाही त्यांनी संकोच न करता घडीची खाट मागावी, किंवा मित्रांबरोबर शेकोटीशी बसून झोपायला जवळच्या पक्क्या खोलीत जावे. गप्पा शेकोटीशी होतात, झोपेत नव्हे.

थंडीविषयी आपल्याकडे पुरेसे गांभीर्य नाही. भंडारदऱ्याच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांपर्यंत, कधी त्याखालीही उतरतो. तरुण शरीर कुडकुडून उष्णता निर्माण करते. उतारवयात ती कुडकुड मंदावते, थंडी वाजत असल्याची जाणीवही बोथट होते, आणि अंगातली ऊब मात्र निघून जात असते. ती सर्वांत अधिक जाते खालच्या जमिनीत. म्हणून अंगावर तीन रजया घेण्यापेक्षा पाठीखाली जाड फोमची चटई आणि तिच्यावर घोंगडी घालणे अधिक शहाणपणाचे. कानटोपी, लोकरी मोजे आणि झोपण्यासाठी वेगळे कोरडे कपडे हवेतच. दिवसभराच्या घामाने दमट झालेल्या बनियनवर स्वेटर चढवून झोपू नये. आणि जुन्या मित्रांच्या आग्रहाखातर ‘थंडीसाठी’ घेतलेला पेला ऊब देत नाही. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या फैलावतात, चेहरा गरम वाटतो आणि शरीराची खरी ऊब बाहेर पडते. झोपेची गोळी घेणाऱ्याने तर त्या पेल्याकडे पाहूही नये.

येथे एक गोष्ट मी शक्य तितक्या स्पष्ट शब्दांत सांगतो. पेटती किंवा विझत आलेली कोळशाची सिगडी तंबूत घेऊ नका. खिडकीची झडप उघडी ठेवूनही नाही, ‘पाचच मिनिटे’ म्हणूनही नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला एवढेही कळत नाही. राखेखाली धुमसणारा निखारा पाहून आग विझली असे वाटते. वायू मात्र निघतच असतो. गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून पांघरुणात घेता येते. परंतु मधुमेहाने ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी तीही पायाशी ठेवू नये. अशांचे पाय शेकोटीशी भाजतात आणि ते त्यांना सकाळी मोजा काढल्यावर समजते. दरवर्षी असा एखादा पाय माझ्या टेबलावर येतोच.

मधुमेहींसाठी खरी परीक्षा दिवसभराच्या चालण्यात नसून त्यानंतरच्या रात्रीत असते. स्नायूंनी दिवसा खर्च केलेली साखर ते रात्रभर रक्तातून भरून घेत असतात. त्यामुळे रोजचाच डोस, रोजचेच जेवण, आणि तरीही मध्यरात्री साखर घसरते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या दोन दिवसांचा डोस किती असावा हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, निजण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी आणि उशाशी ग्लुकोजची पुडी ठेवावी. हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमुळे साखर उतरताना होणारी धडधड जाणवत नाही. दरदरून घाम मात्र येतो. असंबद्ध बोलणाऱ्या मित्राला ‘चढली आहे, झोपू दे’ म्हणून सोडून देणे किती महाग पडू शकते, हे तंबूतील सोबत्याला आधीच ठाऊक असले पाहिजे. इन्सुलिनचे पेन शीतपेटीतील बर्फाला चिकटून ठेवू नये, उन्हात उभ्या मोटारीतही विसरू नये. हिवाळ्यात ते झोळीच्या मधल्या कप्प्यात चांगले राहते.

आता जे कोणी मोकळेपणाने बोलत नाही त्याबद्दल. थंडीत लघवी वाढते. प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी घेतलेल्या काही गोळ्यांमुळे अंथरुणातून एकदम उठताच रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि बाहेर तंबूच्या ताणलेल्या दोऱ्या आपली वाटच पाहत असतात. आधी एक मिनिट बसावे, मग आधार धरून उभे राहावे, कपाळावर बांधायची विजेरी लावावी म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. पुरुषांनी युरिन पॉट खुशाल जवळ ठेवावा. भगिनींची अडचण वेगळी असते. आडोसा नाही, वारंवार उठून जायला नको, म्हणून त्या दुपारपासून पाणीच पीत नाहीत. सोमवारी दवाखान्यात जळजळ आणि ताप घेऊन येतात. शौचालय कोठे आहे, त्याला दिवा आहे का, कमोड आहे की घडीची कमोड-खुर्ची न्यावी लागेल, हे संयोजकांना आधी विचारण्यात लाज कसली? लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ बदलायची झाल्यास तेही डॉक्टरांना विचारूनच.

सापांविषयी सर्वांत अधिक प्रश्न येतात. हिवाळ्यात त्यांचा वावर कमी असतो, तरी मण्यारीबद्दल माहीत असावे. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, वेदना जवळजवळ होत नाही आणि खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोट दुखू लागले, पापण्या मिटू लागल्या, गिळताना अडखळले, तर ते अपचन समजू नये. तंबूची झिप सदैव बंद असावी, बूट झटकून घालावेत. दंश झाल्यास आवळपट्टी नको, चिरा नको, मंत्र नको. अंगठी-बांगडी काढावी, दंश झालेला भाग हलू न देता रुग्णाला थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणत्या गावी आहे आणि रात्री वाहन कोण चालवणार, हे पहिल्याच संध्याकाळी ठरवून ठेवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण रेंज कोठे मिळते तेही पाहून घ्यावे लागते.

परंतु माझ्या अनुभवात अशा शिबिरातील खरा धोका साप किंवा थंडी हा नसतो. तो असतो जुने टोपणनाव. पन्नास वर्षांनी कोणी त्या नावाने हाक मारली की माणूस एकाहत्तरचा राहत नाही. तेव्हाचा म्होरक्या आजही सर्वांत जड सॅक उचलतो. स्टेंटची गोष्ट तो मित्रांना सांगत नाही. छातीत दडपण आले तरी बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने थांबतो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. वाटेवर लोखंडी शिड्या आहेत आणि दोन्ही बाजूंनी माणसांची ये-जा असते. शिडीच्या मध्यावर थांबणे सोपे नसते. काकांना मी स्पष्ट म्हटले की शिखर या वेळी दुरून पाहायचे, आणि स्टेंटची माहिती किमान दोघांना द्यायची. एका कार्डावर आजार, औषधे, ॲलर्जी आणि घरचा क्रमांक लिहून ते शर्टाच्या खिशात ठेवायचे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही त्यावर हवे. जिभेखाली ठेवायची गोळी बसूनच घ्यायची. काका काही क्षण गप्प होते. मग म्हणाले, “कार्ड ठेवतो. पण सॅक माझी मीच उचलणार.” मी पाच किलोंवर तडजोड केली.

त्याच आठवड्यात आलेल्या एका ताईंची गोष्ट याहून अवघड होती. वय अडुसष्ट, स्वतःची प्रकृती उत्तम, मंडळाच्या पहिल्या मुलींपैकी एक. घरी यजमानांना नऊ वर्षे कंपवात. त्यांना दाखला नको होता. “मी गेले तर बरे दिसेल का?” एवढेच त्यांनी विचारले. नऊ वर्षांत त्या एकही रात्र घराबाहेर राहिल्या नव्हत्या.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना सांगावेसे वाटते की हा प्रश्न बरे दिसण्याचा नाही, तयारीचा आहे. कंपवाताच्या गोळ्यांना घड्याळाची शिस्त लागते; लेव्होडोपा अर्धा तास उशिरा मिळाली तरी माणूस जागच्या जागी खिळू शकतो, आणि डाळ-दुधाच्या भरपेट जेवणाबरोबर घेतल्यास तिचा गुण कमी येतो. ताईंना हे सारे मुखोद्गत होते. अडचण हीच की ते फक्त त्यांनाच मुखोद्गत होते. आम्ही कागद घेतला. गोळ्यांच्या वेळा, गिळताना मान कशी ठेवायची, खुर्चीतून उठवताना हात धरून ओढायचे नाही, रात्री किती वेळा कूस बदलून द्यायची. मुलाने येऊन आठवडाभर आईच्या देखत ते केले. एक रात्र ताई मुद्दाम बहिणीकडे राहिल्या. त्या रात्री यजमानांची एक गोळी चाळीस मिनिटे चुकली, मुलगा घाबरला, आणि मग गजर लावायला शिकला.

दोघेही जाऊन आले. काका खोकला घेऊन आले, बाकी सुखरूप. ताईंनी पहिल्या रात्री अकरा वेळा मोबाइल पाहिला, दुसऱ्या रात्री दोनदा.

परतल्यावर दोन दिवस पोटऱ्या दुखतील. ते स्वाभाविक आहे. एका पायालाच सूज आली, चालताना दम लागू लागला, तर मात्र त्याच दिवशी दाखवावे. अंघोळीच्या वेळी काखा, जांघा आणि कमरेचा भाग नीट पाहावा. गवतातील बारीक चिगर माइट चावल्याने स्क्रब टायफस होतो. ताप लगेच न येता आठवड्या-दोन आठवड्यांनी येतो, आणि चाव्याच्या जागी कधीकधी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते. वेळेवर ओळखल्यास साध्या औषधाने तो बरा होतो. तेव्हा पुढील तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवण्याआधी सांगा, की आपण दोन रात्री तंबूत राहून आलो आहोत.