त्वचेखालची चरबीची गाठ : निर्धास्त केव्हा राहावे, दाखवावी केव्हा?

मान, खांदा, पाठ किंवा दंड यांवर त्वचेखाली हाताला लागणारी मऊ गाठ पुष्कळदा मेदपेशींची, म्हणजे चरबी साठवणाऱ्या पेशींची, बनलेली असते. वैद्यकशास्त्र तिला लायपोमा म्हणते आणि ती सौम्य वाढ मानते, म्हणजेच ती आसपासच्या अवयवांत घुसत नाही व शरीरात अन्यत्र पसरत नाही. पातळ आवरणात बंद असल्यामुळे बोटाने दाबताच ती बाजूला सरकते, सहसा दुखत नाही आणि वर्षानुवर्षे अगदी संथपणे वाढते. शंभरांतील साधारण एका व्यक्तीत, बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान, ती आढळते; काही घराण्यांत मात्र एकाच व्यक्तीच्या अंगावर अशा अनेक गाठी येतात.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथींच्या पाच प्रकारांत मेदोज ग्रंथी सांगितली असून, शरीर पुष्ट झाले की ती वाढते व कृश झाले की घटते, असे तिचे वर्णन आहे. आजचा अनुभव यापेक्षा वेगळा आहे : सडपातळ माणसालाही लायपोमा होतो आणि वजन उतरले तरी तो सहसा विरत नाही.

बालाघाटच्या डोंगररांगेवरील धारूर परिसरातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या माणसाच्या मानेवर गाठ दिसली की ती ओझ्यानेच आली, असे वाटणे स्वाभाविक आहे. मार लागल्यानंतर काहींना लायपोमा झाल्याचे आढळले असले, तरी ओझे हेच त्याचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. खरी अडचण दुसरीच आहे : मुकादमाकडून उचल घेतलेल्या मजुराला खाडा परवडत नाही, त्यामुळे दुखत नसलेली गाठ हंगामभर तशीच राहते. ती चरबीचीच असेल तर या विलंबाने काही बिघडत नाही, पण मानेतली प्रत्येक गाठ चरबीची नसते. क्षयरोगानेही तेथील लसिका ग्रंथी सुजतात आणि तो आजार औषधांनी बरा होणारा असल्यामुळे वेळेवर ओळखणे मोलाचे ठरते.

म्हणून गाठ झपाट्याने वाढत असेल, टणक असेल, खोलवर रुतून हलेनाशी झाली असेल, दुखत असेल, सुमारे पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा काढल्यावर पुन्हा आली असेल, तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. स्तनातील गाठीसाठी तर यांतील कोणत्याही लक्षणाची वाट पाहू नये. बहुतेक वेळा हाताने तपासूनच निदान होते. शंका राहिल्यास सोनोग्राफी करतात किंवा सुईने पेशी काढून तपासतात. त्रास नसलेला लायपोमा तसाच ठेवता येतो, आणि नको असल्यास तेवढाच भाग बधिर करून छोट्या शस्त्रक्रियेने आवरणासह काढला जातो.

गाठीवर बिब्बा लावणे किंवा डाग देणे मात्र पूर्णपणे टाळावे, कारण बिब्ब्याचे तेल कातडी भाजते, जखम चिघळते आणि गाठ जागेवरच राहते. पहिल्या तपासणीसाठी धारूरचे ग्रामीण रुग्णालय आहे आणि पुढील तपासण्यांसाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हंगामाला निघण्यापूर्वी तेथे एकदा दाखवून घेतले, तर निरुपद्रवी गाठीची धास्ती उरत नाही आणि धोक्याच्या गाठीवर वेळेत उपचार सुरू होतात.