अंगठा लागला की दोन हजार

२६ मार्च २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं की, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ८.७ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यात दोन-दोन हजार रुपये जमा होतील. दिल्लीत बटण दाबून सुटलेला पैसा गावात माणसाच्या हातात पडतो कसा, हे बघायला मी निफाड तालुक्यातल्या एका बँक मित्राच्या टेबलाशी जाऊन बसले.

बँक मित्र म्हणजे गावात बँकेच्या वतीनं पैसे देणारा माणूस; इथं ती पंचविशीतली एक ताई. अर्धं वर केलेलं शटर, बाहेर रांगेसाठी चुन्याचे गोल. आधार क्रमांक, बँकेचं नाव, रक्कम, अंगठा, पावती, रोकड. मशीननं अंगठा घेतला तर दोन मिनिटांचं काम.

घेतला तर! उन्हाळ कांद्याची काढणी ऐन भरात होती. शेतीच्या कामाला टाळेबंदीत मुभा होती, लिलाव मात्र कधी चालू, कधी बंद. दिवसभर कांद्याची पात कापणाऱ्या बायांच्या अंगठ्यांवर रेघा शिल्लकच नव्हत्या. त्यात दारातच सॅनिटायझर. त्यानं कातडी आणखी कोरडी पडे आणि ज्या काही पुसट रेघा उरल्या असतील त्याही मशीनला दिसेनाशा होत. स्पिरिट आणि कांदा यांचा तो एकत्र वास अजूनही कुठं सॅनिटायझरची बाटली उघडली की नाकात येतो.

एका आजींची दहाही बोटं लावून झाली. ताई वैतागली नाही. म्हणाली, "आजी, बोट जरा केसातून फिरवा." तेल लागलेलं बोट मशीननं घेतलं. ही युक्ती कुठल्या परिपत्रकात नसणार.

आजींनी चार नोटा दोनदा मोजल्या. दोन हजार.

रांगेत सगळे 'करोनाचे पैसे' म्हणत होते. खरं तर फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसानचा हा नेहमीचाच हप्ता. वर्षाचे सहा हजार, तीन हप्त्यांत. एप्रिल ते जुलैचा हप्ता कधी ना कधी पडणारच होता, तो सुरुवातीलाच पाडला आणि करोनाच्या मदत पॅकेजमध्ये मोजला. हक्काचंच देणं मदत म्हणून मिरवण्याची ही हातचलाखी मला पटलेली नाही. पण मजुरी रोखीत द्यायची आणि कांद्याला गिऱ्हाईक नाही, अशा आठवड्यात आलेल्या दोन हजारांची किंमत जुलैतल्या दोन हजारांपेक्षा जास्त, हेही त्या टेबलाशी बसल्यावरच कळतं.

मला राहून राहून आठवतो तो एक वाटेकरी. बायकोच्या जनधन खात्यात सरकारनं टाकलेले पाचशे काढायला तिच्यासोबत आला होता. एप्रिल ते जून, दरमहा पाचशे, हे फक्त बायांच्या खात्यांना. तिचे पैसे निघाल्यावर त्यानं स्वतःचं आधार कार्ड पुढं केलं. "माझ्या नावानं काही पडलं का, बघ ना ताई."

काही पडणार नव्हतं. पीएम-किसान चालतं जमिनीच्या नोंदीवर. सातबाऱ्यावर नाव मालकाचं आणि मालक राहतो नाशकात.

"कांदे मी काढू राहिलो, अन् दोन हजार त्याला कसे?"

ताईनं कार्ड परत दिलं. "वरूनच तसं आहे, भाऊ," म्हणाली आणि रांगेकडं बघून ओरडली, "मावशी, सॅनिटायझर नका लावू! आधी अंगठा, मग सॅनिटायझर."